दुपारचा सिंहगड: वाटाड्यासोबत आतकरवाडीची पायवाट

पुण्याच्या नैर्ऋत्येला सुमारे ३० किलोमीटर अंतरावर, सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून पूर्वेकडे निघालेल्या भुलेश्वर रांगेवर सिंहगड उभा आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १३०० मीटर आहे. पायथ्याच्या आतकरवाडीपासून पुणे दरवाजापर्यंतची पायवाट जेमतेम पावणेतीन ते तीन किलोमीटरची असली, तरी तेवढ्या अंतरात साडेपाचशे ते सहाशे मीटर उंची चढावी लागते. तीन मीटरचा एक मजला धरला, तर ही चढाई जवळपास दोनशे मजल्यांची होते. ही वाट पुणेकरांची रोजची आहे, आणि पहाटे चढून न्याहारीला घरी परतणारी मंडळी वर्षानुवर्षे ती तुडवीत आली आहेत. नेमक्या या ओळखीमुळेच दुपारी निघणारा नवखा माणूस गाफील राहतो. सकाळी उशीर झाला तर फार तर ऊन वाढते, पण दुपारी उशीर झाला तर अंधार पडतो, आणि घसरणाऱ्या मुरुमाच्या वाटेवर तो उतरताना गाठतो. हा लेख प्रथमच वाटाड्यासोबत दुपारी गड चढू पाहणाऱ्या, साधारण प्रकृतीच्या माणसांसाठी आहे. ज्यांना पाऊण तासात दरवाजा गाठण्याची सवय आहे, त्यांना यातले बरेचसे ठाऊक असेल.

सूर्यास्तापासून मागे मोजत यावे

नियोजनाची सुरुवात निघण्याच्या वेळेपासून करू नये. प्रथम त्या दिवशीचा सूर्यास्त पाहावा आणि तिथून मागे मोजत यावे. पुण्यात नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जूनच्या अखेरीस सव्वासातच्या सुमारास. जानेवारीच्या मध्यावरचा, म्हणजे साधारण सव्वासहाच्या सूर्यास्ताचा दिवस उदाहरणादाखल घेऊ. शेवटच्या माणसाचे पाऊल आतकरवाडीत सहाच्या आधी पडले पाहिजे. उतरायला नवख्या गटाला एक तास लागतो, त्यात थांबण्याची आणि एखाद्याच्या गुडघ्याची पंधरा मिनिटे धरली, तर पुणे दरवाजा पावणेपाचच्या पुढे सोडता कामा नये. गडावर सव्वा तास हवा असेल तर साडेतीनला वर पोहोचायला हवे. चढायला दीड तास धरला आणि त्यात पुन्हा पंधरा मिनिटांची सूट दिली, तर पायथ्यापासून पावणेदोनला निघावे लागते. याचा अर्थ स्वारगेट साडेबाराच्या आत सोडायचे आहे, आणि त्या दिवशी दुपारचे जेवण निवांतपणे होणार नाही, हे सर्वांना आधीच सांगून ठेवायचे आहे.

या हिशेबात एक गोष्ट सहसा सुटते. आतकरवाडी गडाच्या उत्तरेला आहे आणि पायवाट उत्तरेकडच्या उतारावरूनच वर येते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे गडाचे धूड त्याच्या आड येते आणि ही वाट सूर्यास्ताच्या बरीच आधी सावलीत जाते. चढताना ती सावली सुखाची वाटते, पण उतरताना याच सावलीमुळे पायाखालचा खडा आणि खळगा यांतला फरक दिसेनासा होतो. गडावरच्या झुंजार बुरुजावर लख्ख ऊन असते, तेव्हा खाली वाटेवर कातरवेळ सुरू झालेली असते. म्हणून बुरुजावर उभे राहून उजेडाचा अंदाज बांधू नये.

सूर्यास्त गडावरूनच पाहायचा असेल, तर पायवाटेने उतरण्याचा हट्ट सोडावा. त्यासाठी गाडीरस्त्याने खाली येण्याची सोय आधी पक्की करावी. वर-खाली चालणाऱ्या जीपगाड्या दिवसा सहज मिळतात, पण संध्याकाळी एखादी मिळेलच, या भरवशावर दहा माणसांना वर थांबवणे बरोबर नाही. स्वतःची गाडी वर मागवायची असेल, तर नाक्यावरून ती किती वाजेपर्यंत वर सोडतात, याची चौकशी आदल्या दिवशी करावी.

महिना आणि हवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ दुपारसाठी सर्वांत चांगला असतो. हवा कोरडी असते, दूरचे डोंगर स्पष्ट दिसतात आणि दुपारचे ऊन सोसते. मार्चपासून गवत वाळून वणव्याची भीती वाढते, म्हणून वाटेवर काडी ओढणाऱ्याला वाटाड्याने तिथल्या तिथे थांबवले पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी या वाटेने चढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते, आणि हिवाळ्यात उपयोगी पडणारी गडाची आडोशाची सावली तेव्हा मिळत नाही. शिवाय हे दिवस वळवाचे असतात. सकाळी निरभ्र असलेले आभाळ तीन-चारच्या सुमारास भरून येते आणि अर्ध्या तासात विजा कडाडू लागतात. ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसाचीही हीच तऱ्हा असते. ढगांचा गडगडाट ऐकू येताच बुरूज, कड्याची धार, एकटे झाड आणि गडावरचा प्रक्षेपण मनोरा यांच्यापासून दूर व्हावे आणि पक्क्या बांधकामाच्या आत थांबावे. अशा वेळी वेळापत्रकाची चिंता करू नये.

पावसाळ्यातल्या सिंहगडाचे कौतुक सर्वांना आहे, आणि ते रास्तही आहे. परंतु जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी धुके उतरते, शेवाळलेला कातळ निसरडा होतो आणि शनिवार-रविवारी वाटेवर रांग लागते. पहिला अनुभव घेण्यासाठी हे दिवस नव्हेत.

वाटाड्या कशासाठी, आणि कसा निवडावा

आतकरवाडीची वाट इतकी मळलेली आहे की तिथे कोणी सहसा चुकत नाही. मग वाटाड्या कशाला, असा प्रश्न रास्त आहे. येथे वाटाड्याचे मुख्य काम तीन प्रकारचे असते. गटाचा वेग धरून ठेवणे, कोणाला त्रास होत आहे हे त्या माणसाने सांगण्याआधी ओळखणे आणि ठरलेल्या वेळी परत फिरण्याचा निर्णय घेणे. तिसरे काम सर्वांत अवघड आहे, कारण तेव्हा सगळ्यांना अजून एक बुरूज पाहायचा असतो.

निवड दोन प्रकारे करता येते. पहिला पर्याय शहरातील गिर्यारोहण संस्थेचा किंवा आयोजकाचा. राज्याच्या पर्यटन विभागाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून त्यात आयोजकांच्या नोंदणीची तरतूद आहे. म्हणून पैसे भरण्यापूर्वी नोंदणीविषयी विचारण्यात संकोच करू नये. दुसरा पर्याय गडाच्या घेऱ्यातल्या माणसाचा. गडाभोवतीच्या या वस्तीला घेरा सिंहगड असेच नाव आहे. इथल्या कुटुंबांचा गडाशी पिढ्यानपिढ्यांचा संबंध असून ताक, दही आणि पिठले-भाकरी विकणारी मंडळी बहुतेक येथलीच असतात. घेऱ्यातल्या माणसाला कोणत्या वळणावर माती सुटली आहे, कोणत्या कड्यावर या वर्षी आग्या मोहोळ बसले आहे आणि आज जीप किती वाजेपर्यंत मिळेल, हे ठाऊक असते. शहरातल्या आयोजकाकडे प्रथमोपचाराची पेटी आणि प्रशिक्षण असण्याची शक्यता अधिक. शक्य असेल तर दोघेही घ्यावेत. पुढे घेऱ्यातला माणूस आणि मागे संस्थेचा, ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते.

ठरवण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. गटात किती माणसे असतील आणि शेवटच्या माणसाच्या मागे कोण चालेल? ट्रेकर मंडळी या मागच्या माणसाला ‘बॅकलीड’ म्हणतात, आणि दहा-बारा जणांच्या गटाला पुढे एक व मागे एक असे दोघे हवेतच. उतरायला कधी सुरुवात करणार? येथे घड्याळातली वेळ सांगितली पाहिजे, “बघू, संध्याकाळपर्यंत येऊ” हे उत्तर चालणार नाही. प्रथमोपचाराच्या पेटीत काय आहे? आणि एखाद्याला अर्ध्यावरून परतायचे झाले, तर त्याच्यासोबत कोण जाईल? या शेवटच्या प्रश्नावर जो अडखळतो, त्याच्यासोबत जाऊ नये.

हे मी अनुभवाने शिकलो. एका नोव्हेंबरात आम्ही बारा जण एका ओळखीच्या माणसाच्या मार्गदर्शनाखाली निघालो. खडकवासल्याच्या कोंडीत गाडी अडकली, चढायला तीन वाजले, आणि तरीही “होऊन जाईल” या दोन शब्दांवर आम्ही गडावर सवयीने रेंगाळलो. उतरताना बारा जणांत तीन विजेऱ्या होत्या. शेवटचा अर्धा भाग आम्ही एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उतरलो. कोणाला दुखापत झाली नाही, हा केवळ योग होता. विजेरी माणशी एक हवी, ही अट तेव्हापासून मी सोडलेली नाही.

अंगावर आणि पाठीवर

बूट रबरी तळव्याचे, खोल नक्षीचे आणि आधी वापरून मऊ झालेले असावेत. धावण्याचे गुळगुळीत झालेले जोडे चढताना चालून जातात, पण उतरताना दगा देतात. आदल्या दिवशी पायाची नखे कापावीत. ही सूचना क्षुल्लक वाटते, परंतु उतारावर प्रत्येक पावलाला अंगठा बुटाच्या टोकावर आदळतो, आणि वाढलेले नख दुसऱ्या दिवशी काळेनिळे पडलेले असते. कपडे सैल, पूर्ण बाह्यांचे आणि फिक्या रंगाचे असावेत. अत्तर किंवा सुगंधी फवारा लावू नये, कारण तीव्र वासाने मधमाश्या चवताळू शकतात.

माणशी दोन लिटर पाणी घ्यावे. वाटेत ताक आणि लिंबू सरबत मिळते, म्हणून पाणी कमी घेण्याचा मोह होतो, परंतु दुपारी सगळे विक्रेते बसलेले असतीलच असे नाही. सोबत मीठ-साखरेचे पाकीट, मूठभर गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की, टोपी, विजेरी, नेहमीची औषधे आणि कचरा परत आणण्यासाठी एक रिकामी पिशवी, एवढे पुरे. हे सारे पाठीवरच्या सॅकमध्ये बसले पाहिजे, कारण दोन्ही हात मोकळे हवेत. हातात बाटली किंवा फोन धरून चढणारा माणूस तोल गेल्यावर आधी ती वस्तू सावरतो आणि मग स्वतःला. जानेवारीत एक पातळ स्वेटर ठेवावा. गडावर पायथ्यापेक्षा तीन-चार अंशांनी थंडी अधिक असते आणि घामाने ओला झालेला सदरा वाऱ्यावर गार पडतो.

पायथ्यापर्यंत

पीएमपीएमएलची ५० क्रमांकाची बस सिंहगड पायथ्याला जाते. सिंहगड रस्ता, खडकवासला आणि डोणजे या मार्गाने तिला तासाभराहून अधिक वेळ लागतो. परतीच्या शेवटच्या बसची वेळ वाहकाला उतरतानाच विचारून ठेवावी. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी सुट्टीच्या दिवशी खडकवासला चौपाटीवरची कोंडी हिशेबात धरावी. जाताना दुपारी ती सौम्य असते, पण येताना मात्र कणसे आणि भजी खायला थांबलेल्या गाड्यांतून वाट काढावी लागते. जमल्यास आठवड्यातला कामाचा दिवस निवडावा.

जेवण अकरा-साडेअकराला आणि हलके करावे. वरणभात किंवा पोळीभाजी पुरते. मिसळ खाऊन चढायला लागलेल्या माणसाची पहिल्या अर्ध्या तासातली अवस्था मी अनेकदा पाहिली आहे.

पायथ्याशी वाटाड्याने गोल करून पाच मिनिटे बोलावे. त्यात प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि दमा, रक्तदाब, मधुमेह, गुडघ्याचे दुखणे असल्यास ते त्याच्या कानावर घालण्याची संधी प्रत्येकाला द्यावी. हे चारचौघांत सांगायला लोक कचरतात, म्हणून बाजूला घेऊन विचारणारा वाटाड्या अधिक जाणता समजावा. गटातल्या एकाने घरी किंवा शेजारी निघण्याची आणि परतण्याची वेळ कळवून ठेवावी.

चढण

पहिली वीस मिनिटे मुद्दाम संथ चालावे. शरीर तापायला तेवढा वेळ लागतो, आणि सुरुवातीलाच धाप लागलेला माणूस पुढे सावरत नाही. योग्य वेगाची साधी खूण अशी, की चालता चालता एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आले पाहिजे. सर्वांत हळू चालणाऱ्याला वाटाड्याच्या लगेच मागे ठेवावे. त्याला शेवटी ठेवले, तर पुढचे लोक विसावा घेऊन ताजेतवाने होतात आणि तो पोहोचताच निघतात, त्यामुळे ज्याला विसाव्याची सर्वाधिक गरज असते, त्यालाच तो मिळत नाही.

वीस-पंचवीस मिनिटे चालून तीन-चार मिनिटे थांबावे. थांबताना शक्यतो बसू नये. आमच्यासोबत एकदा आलेले घेऱ्यातले वाटाडे प्रत्येक वळणावर म्हणत, “काका, बसू नका, उभ्यानंच दम खा.” यात अनुभवाचे शहाणपण आहे, कारण फार वेळ बसल्यावर पाय जड होतात आणि पुन्हा लय पकडायला वेळ जातो. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता दर विसाव्याला चार-पाच घोट प्यावे, पण अर्धी बाटली एकदम घशाखाली ओतू नये.

वाट मुरुमाची, मध्येच कातळाची आणि काही ठिकाणी दगडी पायऱ्यांची आहे. चढताना पूर्ण पाऊल टेकवावे, चवड्यावर चढू नये, कारण तसे केल्यास पोटऱ्यांत गोळे येतात. मळलेल्या वाटेला अनेक ठिकाणी सरळ वर जाणारे आडमार्ग फुटलेले दिसतात. ते घेऊ नयेत. त्यांनी पाच मिनिटे वाचतात, पण त्यांच्यावरून निसटलेला धोंडा खालच्या वळणावरच्या माणसाकडे जातो, आणि पावसाळ्यात याच चरांतून माती वाहून डोंगर उघडा पडतो. दगड निसटलाच तर “दगड!” असे मोठ्याने ओरडावे.

अर्ध्या वाटेवर वाटाड्याने घड्याळ पाहावे. ठरलेल्या वेळेपेक्षा अर्ध्या तासाहून अधिक उशीर झाला असेल, तर गडावरचा वेळ तिथेच कमी करून सर्वांना सांगावा. एखाद्याला चक्कर, मळमळ, डोकेदुखी, थंड घाम किंवा छातीत दाब जाणवत असेल, तर चढण त्याच्यापुरती संपली असे समजावे. उन्हाचा त्रास असल्यास त्याला सावलीत निजवून पाय उंच करावेत, कपडे सैल करून ओल्या रुमालाने अंग पुसावे आणि शुद्धीवर असल्यास मीठ-साखरेचे पाणी घोटघोट द्यावे. छातीत दुखत असेल, तर त्याला एक पाऊलही चालवू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. वाटेवर सर्वत्र फोनला संपर्क मिळेलच असे नाही, म्हणून कोठे मिळतो हे वाटाड्याकडून आधी जाणून घ्यावे.

मधमाश्या उठल्याच, तर हात झाडू नयेत आणि ओरडू नये. तोंड व मान कापडाने झाकून, वाट न सोडता, मोहोळापासून शक्य तितके दूर जावे.

गडावरचा सव्वा तास

एकामागे एक अशा तीन दरवाजांतून पायवाट गडावर येते. तिघांनाही मिळून पुणे दरवाजा म्हणतात. येथे पुन्हा क्रमांक मोजावेत.

सव्वा तासात संपूर्ण गड पाहून होत नाही. त्यामुळे एकच फेरी आखावी. कातळात कोरलेली घोड्यांची पागा, टिळक बंगला, १७०० साली याच गडावर निधन पावलेल्या छत्रपती राजाराम महाराजांची समाधी, देवटाके, कोंढाणेश्वराचे मंदिर आणि तानाजी मालुसऱ्यांची समाधी, एवढे निवांतपणे पाहता येते. वेळ उरल्यास झुंजार बुरुजावर जावे. तिथून हवा स्वच्छ असेल तर नैर्ऋत्येकडे राजगड आणि तोरणा ओळखता येतात. कल्याण दरवाजा आणि तानाजी कडा दोन्ही पाहण्याचा आग्रह धरला, की उतरण्याची वेळ हमखास टळते.

वाटाड्याची खरी परीक्षा येथेही होते. ४ फेब्रुवारी १६७० च्या लढाईविषयी सांगताना यशवंती घोरपडीची कथा बहुतेक जण रंगवून सांगतात, आणि ती ऐकायला हरकत नाही. मात्र गडाचे नाव तानाजींच्या बलिदानानंतरच कोंढाण्याचे सिंहगड झाले, असे कोणी ठामपणे सांगत असेल, तर १६७० पूर्वीच्या पत्रांतही सिंहगड हे नाव आढळते, याची त्याला कल्पना आहे का, हे विचारून पाहावे. लोककथा आणि कागदपत्रे यांतला भेद सांगून दोन्ही रस घेऊन ऐकवणारा वाटाड्या मिळाला, तर त्याचा क्रमांक जपून ठेवावा.

खाण्याविषयी थोडेसे. मडक्यातले दही आणि ताक जरूर घ्यावे. पिठले-भाकरी, ठेचा आणि कांदाभजी समोर असताना संयम सांगणे निर्दयपणाचे आहे, तरी पुढे तासाभराची उतरण आहे, हे लक्षात घेऊन अर्ध्या भुकेवर उठावे. जेवण मागवण्याचे काम वर येताच करावे, म्हणजे गड पाहून येईपर्यंत भाकऱ्या थापून झालेल्या असतात. ऐनवेळी मागवलेल्या दहा भाकऱ्यांसाठी गेलेली पंचवीस मिनिटे पुढे अंधारात भरून काढावी लागतात.

उतरण

चढताना दमछाक होते, पण पाय मुरगळतो तो उतरताना. थकलेल्या मांड्या शरीराचा भार सावरू शकत नाहीत आणि मन घरी पोहोचलेले असते. दरवाजा सोडण्यापूर्वी बुटांच्या नाड्या घोट्याशी घट्ट बांधाव्यात. गुडघे किंचित वाकवून, लहान पावले टाकत, वजन पायांवर ठेवून उतरावे. भीतीने मागे झुकणारा माणूसच घसरतो. सुट्या मुरुमाच्या उतारावर, ज्याला ट्रेकर मंडळी ‘घसारा’ म्हणतात, तिथे पाय आडवे टाकून एका वेळी एकाने उतरावे. वाळलेले गवत धरून आधार घेऊ नये, कारण ते मुळासकट हातात येते. हातात काठी असेल तर गुडघ्यांवरचा भार बराच हलका होतो.

धावत उतरणारी तरुण मंडळी शेजारून जातील. त्यांना डोंगराच्या बाजूला उभे राहून वाट द्यावी, दरीच्या बाजूला सरकू नये. पाय मुरगळलाच तर बूट काढण्याची घाई करू नये, कारण सूज आल्यावर तो पुन्हा चढत नाही. बुटावरूनच पट्टी घट्ट बांधावी आणि दोघांनी आधार देऊन सावकाश आणावे. पायावर अजिबात भार देता येत नसेल, तर त्याला बसवून मदत बोलवावी.

उजेड मंदावू लागताच, डोळ्यांना दिसत असतानाच विजेऱ्या लावाव्यात. विजेरीचा झोत कमरेच्या उंचीवरून तिरपा टाकावा, म्हणजे खड्यांच्या सावल्या पडून उंचसखलपणा कळतो. झोत कपाळावरून सरळ पडला, तर सारी वाट सपाट भासते.

आतकरवाडीत पोहोचल्यावर शेवटची मोजणी करावी, आणि ती बॅकलीड आल्याशिवाय पूर्ण झाली असे मानू नये. वाटाड्याचे ठरलेले पैसे तिथेच, सर्वांसमोर द्यावेत. पोटऱ्या आणि मांड्या पाच मिनिटे ताणून मगच बसमध्ये चढावे, कारण तासभर आखडून बसलेल्या पायांना स्वारगेटची पायरी उतरताना गडापेक्षा उंच वाटते.